सगळ्यांनी खाली उतरा

गाडी घेतलेल्या माणसाकडे लोक पेढे मागतात, हप्ता किती पडतो ते विचारतात. रोहिदास शेळकेला मात्र भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "किती देते?" किती देते म्हणजे एका किलो गॅसवर किती किलोमीटर पळते. रोहिदास लगेच उत्तर द्यायचा नाही. आधी रस्ता कुठला ते विचारायचा, मग एसी लावून की बंद ठेवून, मग गाडीत माणसं किती. एवढं सगळं ठरल्यावर तो आकडा सांगायचा. समोरच्याच्या भुवया वर गेल्या की याच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, जसं काही पोरगी बोर्डात आली.

माणूस मूळचा परंड्याकडचा. आयटीआय करून चाकणला आला, एका कंपनीत चिकटला आणि चिकटून राहिला. लग्न झालं, रहाटणीत छोटा फ्लॅट झाला, स्वरूपा झाली, आणि वडील गेल्यावर आई, यशोदाबाई, गावाहून कायमची इकडे आली. गाडी आली ती आईमुळे. यशोदाबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भाड्याच्या बुटक्या गाडीत बसवायचं म्हणजे आधी त्यांना घडी घालून आत सारायचं आणि उतरवताना दोघांनी दोन हात धरून ओढायचं. एकदा दवाखान्याच्या दारात त्या अशा अडकल्या की रडायलाच लागल्या. "मला हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. त्या दिवशी रोहिदासने ठरवलं, घ्यायची तर उंच गाडी घ्यायची. मग शोधून शोधून ही पांढरी छोटी एसयूव्ही आणली, दुसऱ्या हाताची. हिची सीट बरोबर आईच्या कमरेला लागायची. यशोदाबाई नुसत्या टेकायच्या आणि पाय आत घ्यायच्या. पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "खाटंवर बसल्यावाणी वाटतंय की रं."

पण उंच गाडी पेट्रोलही तसंच पिते. पहिल्या महिन्याचा खर्च बघून रोहिदासचे डोळे पांढरे झाले. त्याने डिकीत गॅसची टाकी बसवून घेतली. टाकीही दुसऱ्या हाताची, भंगारात निघालेल्या एका टुरिस्ट गाडीतली. मग कंपनीतले तिघं जण येण्याजाण्याला सोबत घेतले. त्यातला विलास शेजारच्या सोसायटीतला, याच्याच लाइनवरचा, याचा सगळ्यात जवळचा मित्र. चौघांत खर्च वाटला गेला आणि गाडी जवळजवळ फुकटात पळायला लागली. तेवढ्याने माणसाने गप्प बसावं. पण रोहिदासला ॲव्हरेजचा नाद लागला तो लागलाच. डिकीतली जाड चटई काढून त्याने घरी पायपुसणं केलं. बायकोने, दिपालीने, गाडीत ठेवलेली छत्री परत घरात आली. पाण्याची बाटली एकच घ्यायची, दुसरी घेतली तर "विनाकारण वजन" म्हणून हा हळूच खाली ठेवायचा. विलास म्हणायचा, "राव, उद्या आम्हाला उपाशी बोलवशील." रोहिदास हसायचा, पण विचार त्याच्या मनात येऊन गेलेला असायचा.

आता याचं काम काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच इतकं वाईट झालं. रोहिदास कंपनीत लीक टेस्टिंगला होता. लाइनवरून आलेला पार्ट पकडीत धरायचा, आत हवा भरायची, पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर लाल रंग, नाही आला तर ओकेचं हिरवं स्टिकर. महिनाअखेरीला माल अडकला, गेटवर ट्रक उभा राहिला, की सुपरवायझर मागे येऊन म्हणायचा, "शेळके, लावा स्टिकर, बघू नका आता." बाकीचे लावायचे. रोहिदास लावायचा नाही. तो भांडायचाही नाही, नुसता आपल्या गतीने एकेक पार्ट पाण्यात घालत राहायचा. न तपासता लावलेलं ओके काय असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एकदा असाच एक पार्ट परत आला होता, आणि ज्या गाडीतून तो आला होता तिचे फोटोही आले होते.

आणि तरी या माणसाने ते केलं.

झालं असं की दिवाळीच्या आधी गॅस पंपावरच्या पोराने बॉनेटमधल्या पत्र्याच्या प्लेटवर बोट ठेवून सांगितलं, "काका, टाकीची तारीख संपत आलीय. टेस्ट करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी गॅस मिळणार नाही." ही टाकी दर तीन वर्षांनी काढून तपासावी लागते. आतला गॅस भयंकर दाबाने भरलेला असतो. तो दाब टाकी पेलते की नाही, हे तपासणीवाले आत दाबाने पाणी भरून बघतात आणि मग नव्या तारखेची प्लेट देतात. रोहिदास गॅसचं किट बसवणाऱ्याकडे गेला. तो म्हणाला टाकी उतरवून भोसरीला पाठवावी लागेल, नंबर लागून यायला तीन-चार दिवस. नेमकं त्या आठवड्यात आईला रोज फिजिओथेरपीला न्यायचं होतं, कंपनीत ओव्हरटाइम होता, तिघं सोबती याच्यावर अवलंबून होते. रोहिदास डोकं खाजवत उभा राहिला. त्याचा चेहरा बघून किटवाला सहज म्हणाला, "नुसती प्लेट पाहिजे का? टाकी काढायला नको. थोडे जास्त लागतील. सगळेच करतात."

सगळेच करतात, या दोन शब्दांनी या पट्ट्यात किती माणसांची अक्कल गहाण पडली असेल ते सांगता येत नाही. रोहिदास तिथं असलेल्या स्टुलावर बसला, चहा प्यायला, आणि चहा संपायच्या आत प्लेट बदलून झालीसुद्धा. नवी कोरी, पुढच्या तीन वर्षांची. त्याला आधी हलकंच वाटलं. मग गाडीत बसताना त्याने सवयीने मागे वळून डिकीकडे बघितलं. टाकी तीच होती. नुसतं स्टिकर लागलं होतं.

त्या दिवसापासून भीती त्याच्यासोबत गाडीत बसायला लागली.

पंपावर गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून खाली उतरायचं असतं. हा तिथला रिवाज कोणी मोडत नाही. चौघं उतरायचे, बाकीचे तिघं टपरीवर जायचे, आणि रोहिदास आधी गाडीजवळच थांबून मीटर बघायचा. आता तोही टपरीवर जायला लागला. चहाचा ग्लास हातात घ्यायचा आणि पाठ पंपाकडे करायचा. नोझल लागल्यावर येणारा तो फुसफुस आवाज कानावर पडला की त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. आवाज थांबला की मगच घोट घशाखाली जायचा. "रोह्या, तुझा चहा गार पाणी झाला," विलास म्हणायचा.

गाडी चालवताना ती भीती पाठीमागून यायची. मोशीच्या पुढं खड्ड्यात चाक आपटलं की डिकीतून धप् असा आवाज यायचा. तो पूर्वीही यायचा. पण आता रोहिदासचे हात स्टेअरिंगवर घट्ट व्हायचे आणि तो मनात म्हणायचा, आता. मग पुढचा खड्डा. आता. त्याला वास यायचा. काच खाली करून तो विचारायचा, "वास येतोय का रे गॅसचा?" मागचे दोघे नाक वर करून हुंगायचे आणि म्हणायचे नाही. कंपनीत तो पाण्याच्या टाकीवर वाकून बुडबुडे बघायला लागला की त्याला पार्टच्या जागी आपली टाकी दिसायची. तिच्या शेजारी तीन माणसांच्या पाठी दिसायच्या. घरी बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळायची, आणि त्यांचे स्टंप याच्याच गाडीच्या मागे असायचे. एक दिवस त्याने गाडी काढून लांब कंपाउंडच्या भिंतीशी, कचऱ्याच्या डब्याजवळ लावली. तिथं दिवसभर ऊन. उन्हाने टाकी तापेल, या विचाराने तो दुपारी सुट्टीत घरी फोन करून दिपालीला विचारायचा, "गाडी सावलीत आहे का बघ बरं."

"तुम्हीच उन्हात लावून गेलात," दिपाली म्हणायची. "काय झालंय तुम्हाला?"

"कुठं काय."

मग खरी तपासणी करून का घेतली नाही? केली होती ना, एकदा हिंमत. भोसरीच्या त्या तपासणी केंद्राच्या गेटपर्यंत गेला होता. आवारात ओळीने टाक्या उभ्या होत्या. गेटवरच्या माणसाने बॉनेट उघडून प्लेट बघितली आणि हसून म्हणाला, "ही तर आत्ताच झालीय. परत कशाला आणली?" खरं सांगितलं तर प्लेट कुणी दिली ते सांगावं लागेल. टाकी नापास झाली तर सोबतच्या तिघांना सांगावं लागेल, की मी तुम्हाला महिनाभर यावर बसवून नेतोय. हे दुसरं त्याला जास्त जड होतं. "काही नाही, चुकून आलो," म्हणाला आणि गाडी वळवली. परत येताना तो भेकडासारखा दर सिग्नलला आरशात मागच्या रिकाम्या सीटकडे बघत होता.

मग त्याने एक मधला रस्ता काढला. गॅस भरायचाच नाही, पेट्रोलवर चालवायची. खर्च दुप्पट झाला तरी वरचा त्याने आपल्या खिशातून घातला, सोबत्यांकडून पूर्वीइतकाच घेतला. पण ज्याचं ॲव्हरेज अख्ख्या कंपनीला पाठ, तो पेट्रोलवर गाडी हाणतोय, हे किती दिवस लपणार. विलास पुढच्या सीटवर बसायचा. त्याच्यासमोरच तो गॅसचा स्विच, त्यावरचे छोटे दिवे. चार हिरवे म्हणजे टाकी भरलेली, लाल म्हणजे रिकामी. तो लाल दिवा बघून विलास रोज काहीतरी बोलायचा. रोहिदास म्हणायचा पंपावर रांग होती. म्हणायचा प्रेशर कमी होतं. म्हणायचा उद्या भरू.

तो उद्या एका रविवारी आला.

लाइनवरच्या रणजीतचं लग्न होतं, राजगुरुनगरला, दुपारच्या मुहूर्ताचं. विलासची बायको माहेरी गेलेली, म्हणून तो यांच्यासोबत निघाला. पुढे रोहिदास आणि विलास. मागे एका बाजूला दिपाली, मध्ये स्वरूपा, आणि दाराशी यशोदाबाई, नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन. खूप दिवसांनी त्या लांब निघाल्या होत्या. भोसरी गेली, मोशी आली, आणि पेट्रोलचा काटाही खाली टेकायला लागला.

"पुढं डावीकडं गॅस पंप आहे," विलास म्हणाला. "रविवार आहे, रांग नाही. घे आत."

"पेट्रोल टाकू थोडं पुढं."

"पेट्रोल?" विलास पूर्ण वळून त्याच्याकडे बघायला लागला. "अरे लग्नाला चाललोय, परत यायचंय. तू आणि पेट्रोल टाकणार? वहिनी, याला ताप आहे का बघा." मागून दिपाली म्हणाली, "घ्या ना आत, एवढं काय. मला तर महिनाभर हेच कळत नाहीये." स्वरूपा म्हणाली, "बाबा, मला पाणी पण पाहिजे. बाटली एकच घेतली तुम्ही." तीन तोंडं एकदम बोलायला लागली आणि त्या गोंधळात रोहिदासने इंडिकेटर दिला. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, एवढंच. माणूस कधी कधी कारण सापडलं नाही म्हणून मरणाच्या दारात जातो.

पंपावर एक मुलगी होती, तोंडाला स्कार्फ बांधलेली, उन्हाने कावलेली. "सगळ्यांनी खाली उतरा," ती म्हणाली. विलास उतरला. दिपाली उतरली, स्वरूपा उतरून पाण्याच्या नळाकडे पळाली. यशोदाबाईंनी दार उघडलं, खाली बघितलं आणि परत लावून घेतलं. "मला नगं बाई उतराया. गुडघं लई दुखायलेत. आताच बसलेय."

मुलीने आत डोकावून बघितलं. "राहू द्या आजींना," म्हणाली. "दोन मिनिटांचं तर काम आहे." तिने प्लेट बघितली, तारीख बघितली, मान हलवली, आणि नोझल लावलं.

रोहिदास गाडीपासून पाच-सहा पावलांवर उभा होता. पाठ करून उभा राहायचं तो या वेळी विसरला. त्यामुळे त्याला दिसलं. काचेतून आईचं डोकं दिसत होतं, पांढऱ्या केसांवरून घेतलेला पदर. त्या डोक्याच्या मागे सीटची पाठ, आणि सीटच्या पाठीमागे, एक हात अंतरावर, ती टाकी. फुसफुस सुरू झालं. मीटरवरचे आकडे पळायला लागले. जे आकडे बघायला त्याला एके काळी इतकं आवडायचं, ते आता वर जात होते आणि प्रत्येक आकड्याबरोबर टाकीतला दाब वाढत होता. आई आतून काचेवर बोटांनी टकटक करून त्याला खुणावत होती, पोरीला उन्हात जाऊ देऊ नको म्हणून.

त्याला कंपनीतला तो परत आलेला पार्ट आठवला नाही, फोटो आठवले नाहीत. त्याला एकच दिसलं, की आपण स्वतः लांब उभे आहोत आणि आई आत आहे.

"बंद करा," तो म्हणाला. फुसफुशीत ते मुलीला ऐकू गेलं नाही. मग तो चालत गेला, आणि मुलीच्या खांद्याजवळ जाऊन नीट म्हणाला, "बंद करा ताई. टाकी तपासलेली नाही. ती प्लेट खोटी आहे."

मुलीने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून उन्हाचा कंटाळा एका क्षणात गेला. तिने व्हॉल्व्ह फिरवला, नोझल काढलं आणि मागे सरकत ऑफिसकडे हाक मारली. मागच्या रिक्षावाल्याने रिक्षा आपोआप मागे घेतली. पण रोहिदास तोवर मागच्या दाराशी पोहोचला होता. दार उघडून त्याने एक हात आईच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं.

"अरं सोड," यशोदाबाई म्हणाल्या. "लोकं बघायलेत. माझी पिशवी ऱ्हायली की."

तो थांबला नाही. आई वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. तो तिला घेऊन पंपाच्या आवारातून चालत पार टोकाच्या लिंबाखाली गेला. तिथं पंपावरच्या लोकांची प्लॅस्टिकची एक खुर्ची होती, त्यावर तिला बसवलं आणि तिच्या पायाशी खाली बसला. यशोदाबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं. "काय झालं रं लेकरा? गॅस संपला व्हय?"

पंपाचा मॅनेजर बाहेर येऊन जे बोलला ते इथं लिहीत नाही. त्याचं चुकलं नव्हतं. गाडी चालू करायची नाही, ढकलत बाहेर न्यायची, असं ठरलं. रोहिदास, दोन रिक्षावाले आणि विलासने ती ढकलली. विलासने ढकलली, पण सगळा वेळ तो रोहिदासकडे न बघता गाडीच्या छपराकडे बघत होता. गाडी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत लागल्यावर त्याने हात झटकले.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

विलासने मागच्या काचेतून डिकीकडे बघितलं. मग म्हणाला, "भाऊबीजेला माझ्या पोरांना स्टेशनला सोडलं होतंस तू. मीच म्हणालो होतो सोड म्हणून." त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तू पार्ट सोडत नाहीस रोहिदास. ट्रक उभा राहू दे, साहेब शिव्या देऊ दे, तू एक पार्ट बघितल्याशिवाय सोडत नाहीस. मी घरी सांगायचो पोरांना." मग तो हायवेपर्यंत चालत गेला, हात दाखवून एक जीप थांबवली आणि लग्नाला निघून गेला.

दिपाली लिंबाखाली स्वरूपाला पोटाशी धरून उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू बसली नसतीस."

"हो," ती म्हणाली. "नसते बसले."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून भोसरीला नेली आणि गेटवरच्या माणसाला पहिल्या वाक्यात सगळं सांगून टाकलं. त्यांनी गॅस सोडून दिला, पट्टे खोलले, टाकी बाहेर काढून जमिनीवर आडवी ठेवली. तपासणारा माणूस वयस्क होता, कमी बोलणारा. जिथं पट्टा आवळलेला होता तिथं त्याने ब्रश मारला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याखालून गंजाचा भुगा सांडला. पट्ट्याखाली पाणी मुरत आलं होतं, किती वर्षं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने हातोडीने टाकीवर हळूच ठोकलं. शेजारच्या चांगल्या टाकीवर ठोकलं तेव्हा खणखणीत आवाज आला होता. हिचा बद्द आला.

"हिला पाण्याचं प्रेशरसुद्धा देत नाही मी," तो म्हणाला, आणि खडूने टाकीवर मोठी फुली मारली.

"किती दिवस टिकली असती?" रोहिदासने विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित वर्षभर काही झालं नसतं. कदाचित कालच झालं असतं."

रोहिदास तिथंच पायरीवर बसला. दोन महिने तो घाबरत होता आणि दोन महिने मनाच्या एका कोपऱ्यात म्हणत होता, आपण उगाच घाबरतोय. आता तो कोपराही गेला. दर खड्ड्याला त्याने मनात जे म्हटलं होतं ते खरं होतं. पार्किंगमधली पोरं, विलासची पोरं, मागे बसून हुंगणारे ते दोघे, आई. त्याला एकेक चेहरा आठवत गेला. त्याच्यासमोर त्या लोकांनी टाकीचे दोन तुकडे केले, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. मग तो उठला आणि प्लेट देणाऱ्याचं नाव-पत्ता त्यांना स्वतःच्या हाताने लिहून दिला.

कंपनीत त्याने सोबतच्या दोघांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. ते दुसऱ्या दिवसापासून बसने जायला लागले. विलास मोटारसायकलवर येऊ लागला. रोहिदास एकटाच उंच गाडी घेऊन पेट्रोलवर चाकणला जायचा. कुणी विचारलं, किती देते, तर म्हणायचा, बघितलं नाही. काही दिवसांनी त्याने नवी टाकी घेतली, दुकानातून, कोरी, आणि तिची तपासणी होत असताना आवारात उभं राहून शेवटपर्यंत बघितली. भीती तरी गेली नाही. अजूनही फुसफुस सुरू झालं की त्याच्या मानेवर काटा येतो. फक्त आता तो पाठ करत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शनिवारी विलास हेल्मेट हातात घेऊन गाडीजवळ आला. मोटारसायकल पंक्चर होती, असं म्हणाला. दोघंही तिच्याकडे बघायला गेले नाहीत. विलास दाराशी न जाता बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला. रोहिदासने बॉनेट उघडलं. विलासने वाकून प्लेटवरची तारीख वाचली, नंबर वाचला, मग मागे जाऊन म्हणाला डिकी उघड. टाकीवरचा कोरलेला नंबर त्याने प्लेटच्या नंबराशी ताडून बघितला. तेव्हा त्याला टाकीशेजारी पट्ट्याने बांधून ठेवलेली खुर्ची दिसली. प्लॅस्टिकची, हाताची, लाल रंगाची.

"ही कशाला?"

"आईला. पंपावर उतरून बसायला."

"ती काय रोज असते का गाडीत? रोज हे वजन कशाला घेऊन फिरतोस?" विलास म्हणाला. मग पूर्वीसारखं, पण अर्ध्याच आवाजात म्हणाला, "ॲव्हरेज पडत असेल."

"पडतं," रोहिदास म्हणाला, आणि त्याने डिकी लावली.